हिवाळ्याच्या तोंडावर नळदुरुस्ती: आपत्कालीन निधीला हात लावावा का?

आपले पत्र आणि सोबत जोडलेले प्लंबरचे कोटेशन मी काळजीपूर्वक वाचले. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आपल्या स्वयंपाकघरातील नळाला पाण्याची बारीक धार आली, मग तीही थांबली आणि दुपारी ऊन चढल्यावर पाणी आपोआप सुरू झाले. पाईप फुटला नाही. यंदा थंडी सुरू होण्यापूर्वी आपण घराची पाहणी करून घेतली, तेव्हा प्लंबरने सुचवलेल्या सर्व कामांचा खर्च आपल्या कुटुंबाच्या 75 दिवसांच्या घरखर्चाइतका निघाला. हाताशी असलेला आपत्कालीन निधी 120 दिवसांचा आहे. त्यातून सगळे काम करून घ्यावे, तीन वर्षांच्या हप्त्यांवर कर्ज काढावे, की घराचा विमा आहेच म्हणून काम पुढच्या वर्षावर ढकलावे, असा आपला प्रश्न आहे.

यांपैकी कोणताही पर्याय मला जसाच्या तसा पटत नाही. कोटेशनची सहा कामे सुटी करून पाहिली, तर त्यांतील 22 दिवसांच्या खर्चाची कामे याच ऋतूत व्हायला हवीत आणि उरलेली 53 दिवसांची कामे थांबू शकतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिवसांच्या घरखर्चात हिशेब मांडला आहे, तो मला आवडला. मीही त्याच मापाने पुढे जातो.

कोणते काम आधी करायचे, हे पाईप कसा फुटतो यावर ठरते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पाईप बहुधा बर्फ धरलेल्या जागी न फुटता, बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढून फुटतो. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ किंचित उघडा ठेवून धार चालू ठेवली, की तो दाब सुटतो. बर्फ वितळेपर्यंत अनेकदा गळती दिसतही नाही. आपला पाईप गेल्या वर्षी फुटला नाही, यावरून तो भक्कम आहे असा निष्कर्ष काढू नये. तो बाहेरच्या भिंतीतून जातो आणि तिथे गोठण्याइतकी थंडी पोहोचते, एवढे मात्र त्या सकाळी सिद्ध झाले. आवरण नसलेल्या पाईपसाठी बाहेरचे तापमान उणे 6 ते उणे 7 अंश सेल्सिअसच्या खाली जाणे धोक्याचे मानतात, आणि वारा भिंतीच्या फटीतून थेट पाईपवर येत असेल तर त्याआधीही पाणी गोठू शकते.

पाईपना फोमचे आवरण घालणे आणि भिंतीतील फटी बुजवणे हे काम 4 दिवसांच्या खर्चाचे आहे, बाहेरचे दोन नळ बदलणे 3 दिवसांचे. या दोन्हींबद्दल फार विचार करू नये. फक्त एक लक्षात असू द्यावे: दंव न धरणारा नळ (ज्याचा पाणी अडवणारा भाग भिंतीच्या आत, उबेत असतो) बसवला, तरी त्याला बागेची नळी जोडलेली राहिली तर आत पाणी साचून तोही फुटतो, आणि तो भिंतीच्या आत फुटत असल्याने हिवाळा संपून नळ पहिल्यांदा उघडेपर्यंत कळत नाही. नळी काढून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

घरात येणारे सगळे पाणी एका जागी बंद करणाऱ्या मुख्य व्हॉल्व्हबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपण त्याला ‘नंतर पाहू’ अशा कामांत टाकले आहे. प्लंबरने नोंदवले आहे की तो जुना गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाक अनेक फेरे फिरवून बंद करायचा व्हॉल्व्ह आहे, त्याचे चाक अर्धा फेरा फिरून अडकते आणि पाणी पूर्ण बंद होत नाही. मिनिटाला 10 लिटर पाणी वाहील अशी भेग पडली, तर तासाला 600 लिटर आणि दिवसाला 14,400 लिटर पाणी घरात येते. अशा वेळी नुकसान फरशीपुरते राहते की भिंती आणि लाकूडकामापर्यंत जाते, हे पहिल्या काही मिनिटांत पाणी बंद करता येते की नाही यावर अवलंबून असते. पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवायला 3 दिवसांचा खर्च आहे. संपूर्ण कोटेशनमध्ये इतक्या कमी पैशांत इतका मोठा धोका कमी करणारे दुसरे काम मला दिसत नाही. तो बसवल्यावर घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने एकदा बंद करून पाहावा.

स्वयंपाकघराचा पाईप बाहेरच्या भिंतीतून काढून आतल्या भिंतीने नेण्याचे काम 12 दिवसांचे आहे, आणि इथे मात्र दोन्ही बाजूंनी विचार व्हायला हवा. कमी खर्चात हीटिंग केबल, म्हणजे पाईपला गुंडाळून त्याला ऊब देणारी तार लावता येईल, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु केबल विजेवर चालते, म्हणजे वादळात वीज गेली की नेमक्या गरजेच्या रात्री ती निरुपयोगी ठरते. शिवाय ती चुकीच्या पद्धतीने गुंडाळली किंवा जीर्ण झाली, तर आगीचा धोका असतो. फोम तर उष्णता निर्माण करत नाही, ती जाण्याचा वेग कमी करतो, आणि भिंतीच्या आतल्या भागापर्यंत तो पोहोचणारही नाही. पाणी एकदाही गोठले नसते तर मी आपल्याला थांबायला सांगितले असते. ते गोठले आहे, म्हणून माझा कौल पाईप हलवण्याकडे आहे.

आता विम्याविषयी. आपल्या पॉलिसीत प्रत्येक दाव्यामागे पहिल्या 30 दिवसांच्या घरखर्चाइतकी रक्कम आपण स्वतः सोसायची आहे. म्हणजे दावा पूर्ण मंजूर झाला, तरी एका दुर्घटनेत आपल्या खिशातून जाणारी रक्कम मी सुचवलेल्या 22 दिवसांच्या कामांपेक्षा जास्त आहे. त्यातही अनेक पॉलिसी पाण्याने केलेल्या नुकसानीची भरपाई देतात, पण फुटलेल्या पाईपच्या दुरुस्तीचा खर्च देत नाहीत. झीज आणि देखभालीतील हयगय बहुधा अपवादांत मोडते. धोका लेखी कळवणारे प्लंबरचे कोटेशन हातात असताना काम टाळले, तर दाव्याच्या वेळी हाच कागद आपल्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. विमा अवश्य चालू ठेवावा; मात्र माहीत असलेली देखभाल पुढे ढकलण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये.

आपण भर हिवाळ्यात तीन आठवडे बाहेरगावी जाणार आहात, याचा उल्लेख पत्राच्या शेवटी एका ओळीत आहे, पण मला तो सर्वांत काळजीचा वाटला. घर रिकामे असताना उष्णता चालू ठेवणे किंवा पाणी बंद करून पाईप रिकामे करणे, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते. तेव्हा निघण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारून तिचे उत्तर जपून ठेवावे. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्व नळ उघडावेत आणि पाईपमधील पाणी काढून टाकावे, परंतु त्याआधी वॉटर हीटर त्याच्या पुस्तिकेप्रमाणे बंद करावा. घरातील तापमान राखणारा थर्मोस्टॅट 13 अंश सेल्सिअसच्या खाली नेऊ नये. इंधन वाचवण्यासाठी तो पूर्ण बंद करण्याचा आपला विचार कृपया सोडून द्यावा.

कर्ज मी सुचवणार नाही. ज्या कामांची निकड आहे ती निधीतून होतात, आणि ज्यांची नाही त्यांच्यावर व्याज भरण्याचे कारण नाही. वॉटर हीटर बदलणे हे 18 दिवसांचे काम त्यांपैकीच एक आहे. तो गळत नाही आणि पाणी नीट तापवतो, म्हणून यंदा गाळ काढून त्याचा अनोड रॉड (टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजणारी धातूची कांडी) आणि जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घेणे पुरेसे आहे. उरलेले सर्व पाईप बदलण्याच्या 35 दिवसांच्या कामासाठी दुसऱ्या प्लंबरचे मतही घ्यावे, कारण आतल्या भिंतींतील पाईपबद्दल कोटेशनमध्ये जुनेपणाखेरीज एकही दोष नोंदवलेला नाही.

22 दिवसांचा खर्च केल्यावर निधीत 98 दिवस उरतात. घरात कमावणारी व्यक्ती एकच असल्याने मला त्याहून फारसे खाली जायचे नाही. सर्व 75 दिवस काढले असते तर केवळ 45 उरले असते, आणि त्याच काळात नोकरीत अडचण आली असती तर नवे पाईप विकून घर चालवता आले नसते. आपण दरमहा 6 दिवसांच्या खर्चाइतकी बचत करता, म्हणजे साधारण चार महिन्यांत निधी पूर्ववत होईल. त्यानंतर तीच रक्कम घरदुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात टाकत राहिलात, तर पुढचे नऊ महिने संपताना उरलेल्या 53 दिवसांच्या कामांचे पैसे जमलेले असतील, तेही पुढच्या हिवाळ्याच्या सुमारास.

प्लंबरकडून ही चार कामे वेगळ्या कोटेशनवर लिहून घ्यावीत, कारण एकत्रित कामावर दिलेली सवलत सुट्या कामांवर कदाचित मिळणार नाही आणि आकडा एखाद-दुसऱ्या दिवसाने वाढू शकतो. तो 26 दिवसांच्या आत राहिला, तर निर्णय बदलण्याची गरज नाही. त्याहून वर गेला, तर बाहेरच्या दोन नळांपैकी जो वापरात नाही तो बदलण्याऐवजी आतून कायमचा बंद करून घ्यावा. भिंत बुजवण्यापूर्वी नव्या पाईपची छायाचित्रे काढून ती बिलांसोबत विम्याच्या कागदांत ठेवावीत.