निवडपत्र आले, पैसे भरावेत का?

(परदेशातील युवा परिषदांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.)

प्रश्न : मी नागपुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर आमच्या गटाने घरोघरी जाऊन नुकसानीच्या नोंदी केल्या होत्या. अलीकडे समाजमाध्यमावरची जाहिरात पाहून मी बँकॉक येथील एका आंतरराष्ट्रीय युवा नेतृत्व परिषदेसाठी अर्ज केला आणि तिसऱ्याच दिवशी निवडपत्र आले. माझी निवड ‘अंशतः अर्थसाहाय्यित’ गटात झाली असून ४९० डॉलर पाच दिवसांत भरावेत आणि विमानभाडे स्वतः करावे, असे त्यात आहे. पत्रावर संयुक्त राष्ट्रांचे चिन्हही आहे. बाबा मुदत ठेव मोडायला तयार आहेत. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मुदत ठेव आहे तशीच राहू द्यावी, हे आधी सांगते आणि कारणे मागाहून देते.

तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट विचारावीशी वाटते. अर्जात पुराच्या कामाविषयी तुम्ही जे लिहिले असेल, त्यावर आयोजकांपैकी कोणी एक तरी प्रश्न विचारला का? कोणत्या वस्त्या, किती घरे, नोंदी पुढे कोणाकडे दिल्या, असे काहीही? मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, महाविद्यालयाकडे विचारणा नाही आणि तिसऱ्या दिवशी अभिनंदन, असे जिथे घडते तिथे अर्ज वाचला गेला असेल, असे मानायला मन धजत नाही. पाच दिवसांची मुदतही विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच दिलेली असते.

आता चिन्हाविषयी. संयुक्त राष्ट्रांचे नाव व चिन्ह परवानगीशिवाय वापरले जाऊ नये, असा ठराव त्यांच्या आमसभेने ७ डिसेंबर १९४६ रोजीच केला होता, आणि आपल्याकडे बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा १९५० चा जो कायदा आहे, त्याच्या अनुसूचीतही त्या चिन्हाचा समावेश आहे. पत्र पुन्हा एकदा नीट पाहावे. पुष्कळदा त्यावर शाश्वत विकास उद्दिष्टांचे सतरा रंगांचे चक्र असते, आणि ते छापले म्हणून आयोजनात संयुक्त राष्ट्रांचा हात आहे असे होत नाही. खुद्द त्यांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा युवा मंच २०१२ पासून भरत आला आहे आणि त्याचे मुख्य ठिकाण न्यूयॉर्क आहे. तिथे प्रवेशासाठी शुल्क घेतले जात नाही, मात्र जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने पाहायचा असतो.

हिशेबही करून पाहू. समजा, तीनशे मुलामुलींनी ४९० डॉलर भरले, तर आयोजकांकडे १,४७,००० डॉलर जमतात, आणि त्यातून हॉटेलचे सभागृह, दोघांत एक खोली, जेवण, एक दिवसाचे नगरदर्शन आणि प्रमाणपत्रे एवढे सहज भागते. यात फसवणूकच आहे असे मी म्हणत नाही. परिषद ठरल्या तारखेला होते, छायाचित्रेही चांगली येतात. मात्र विकली जात आहे ती सहल, आणि ‘निवड’ हा तिच्या जाहिरातीचा भाग आहे. तुमच्या घरचा हिशेब याहून कडक आहे. शुल्काचेच चाळीस हजारांहून अधिक रुपये होतात, त्यात नागपूरहून मुंबई किंवा कोलकाता गाठून पुढचे विमान, विमा आणि वरखर्च धरला की आकडा कुठे जातो ते बाबांसोबत बसून कागदावर मांडावे.

शुल्क आहे म्हणून परिषद खोटी, असाही निष्कर्ष काढू नये. ‘वन यंग वर्ल्ड’ या परिषदेचे पहिले अधिवेशन २०१० मध्ये लंडनला झाले आणि पुढे जोहान्सबर्ग, बँकॉक, ओटावा, हेग, बेलफास्ट अशा शहरांत ते भरत आले. तिथेही प्रतिनिधी शुल्क असते आणि ते कमी नसते. पण बहुतेक प्रतिनिधींचे शुल्क त्यांची कंपनी, विद्यापीठ किंवा एखादी शिष्यवृत्ती भरते, म्हणजे तुमच्यावर पैसे लावण्यापूर्वी तुमचे काम तपासणारा कोणी तिसरा मध्ये असतो. हा तिसरा आहे की नाही, एवढे पाहिले तरी निम्म्या जाहिराती आपोआप गळतात. उरलेल्यांसाठी आयोजकांना साधा ईमेल करावा: संस्था कोणत्या देशात नोंदलेली आहे, पैसे कोणाच्या नावाच्या खात्यात जातात, मागील वर्षी संमत झालेला जाहीरनामा कोणाला सादर केला आणि त्याचे पुढे काय झाले, व्हिसा नाकारला गेल्यास रक्कम परत मिळते का. छापील वक्त्यांपैकी एखाद्याला थेट विचारले तर अधिकच उत्तम. आपले नाव पत्रिकेवर आहे हे त्या गृहस्थांनाच ठाऊक नसल्याचे माझ्या पाहण्यात आले आहे.

मग तुम्ही करावे काय? तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत तुम्हालाच पुरती कळलेली दिसत नाही. २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तलावाचे पाणी नागनदीत मावेना आणि अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या भागांत ते घरांत शिरले, एवढे वर्तमानपत्रांतही आले होते. पण कोणत्या गल्लीत पाणी आधी आले, भिंतीवरचा चिखलाचा पट्टा किती उंच होता, कोणाच्या शिलाई यंत्राची मोटर गेली, पंचनाम्यात कोणाचे नाव राहून गेले, हे तुमच्या वह्यांत आहे. त्या वह्या काढून मराठीत चार पाने आणि इंग्रजीत दोन पाने लिहावीत. हवामानाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तरुणांची जागतिक परिषद संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेच्या आधी भरते आणि देशोदेशी तिच्या स्थानिक बैठका होतात; तुमच्या विषयाचे तेच घर आहे. त्याखेरीज केंद्राच्या ‘माय भारत’ संकेतस्थळावर लक्ष ठेवावे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये जो ‘विकसित भारत युवा नेते संवाद’ झाला, त्यासाठी १५ ते २९ वयोगटातून आधी प्रश्नमंजूषा, मग निबंध आणि मग राज्यपातळीवरचे सादरीकरण अशा पायऱ्यांनी निवड झाली होती. चाळणी अशी असते. पासपोर्ट मात्र आताच काढून ठेवावा. ३६ पानी पुस्तिकेचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे, आणि ऐनवेळी तत्काळचे आणखी २,००० भरण्याची पाळी येऊ नये.

प्रश्न : मी बुटीबोरीतील एका कारखान्यात सुरक्षा विभागात अभियंता आहे. उन्हाळ्यात कंत्राटी कामगारांच्या पाळ्यांच्या वेळा बदलण्याच्या आमच्या उपक्रमामुळे कंपनीने युरोपातील एका युवा नेतृत्व परिषदेसाठी माझे नाव दिले असून सर्व खर्चही कंपनीच करणार आहे. पहिलाच परदेश प्रवास आहे आणि इंग्रजी बेताचे आहे. तयारी कशी करावी?
— एक वाचक, हिंगणा मार्ग

उत्तर : अभिनंदन. शेंगेन व्हिसाचे (युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचे) काम आधी उरकावे, कारण अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी तो पोहोचावा लागतो. प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे; ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा हवा, आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवी. निमंत्रणपत्र मिळाले म्हणजे व्हिसा मिळालाच, असे धरून चालू नये. कंपनीचे रजा व खर्चाविषयीचे पत्र, पगारचिठ्ठ्या आणि बँकेचे विवरण यांवर अधिक मदार असते.

इंग्रजीची चिंता करू नका. अशा परिषदेत निम्म्याहून अधिक जण आपापल्या धाटणीचे इंग्रजी बोलणारे असतात, आणि मोठ्या सभागृहातली भाषणे तर पुढे इंटरनेटवरही ऐकता येतात. खरी देवघेव चहाच्या वेळी आणि लहान खोल्यांतल्या चर्चांत होते. तिथे ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा येईल, आणि त्याचे दीड मिनिटाचे उत्तर मात्र घोटून तयार हवे. ‘मी कामगार कल्याणासाठी झटतो’ हे उत्तर कोणाच्याही लक्षात राहत नाही. मे महिन्यात आमच्या शहरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून जड कामाची पाळी आम्ही पहाटे आणली, दुपारी काम थांबवले, यंत्राशेजारी पाण्याचा माठ आणि ताक ठेवले आणि आधीच्या वर्षी चक्कर येऊन पडलेल्यांची नोंद नंतरच्या वर्षाशी ताडून पाहिली, असे सांगितलेत तर समोरचा थांबून पुढचे विचारील. हे आकडे कंपनीच्या नोंदवहीतून घ्यावेत आणि ते बाहेर सांगण्याची परवानगी वरिष्ठांकडून लेखी घ्यावी. पाळी बदलल्यामुळे कोणाची मजुरी कापली गेली का, हा प्रश्न तिथे नक्की येईल. त्याचे उत्तर कामगारांशी बोलूनच जावे. आणि जिथे जमले नाही तेही सांगावे, कारण कतारमधल्या किंवा मेक्सिकोतल्या एखाद्या अभियंत्याची अडचण तीच असू शकते.

परत आल्यावर कंपनी तुमच्याकडून सादरीकरण मागेल. ते व्यवस्थापनापुढे तर कराच, पण ज्यांच्या पाळ्या बदलल्या त्या कामगारांपुढेही अर्धा तास हिंदी-मराठीत करावे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या ओळखीतून दुबईतील बाल-नेतृत्व परिषदेचे माहितीपत्रक आले आहे. पुढे परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी उपयोग होतो म्हणतात. पाठवावे का?
— एक पालक, मनीषनगर

उत्तर : दुबई पाहायची असेल तर कुटुंबासह दिवाळीच्या सुटीत जाऊन यावे, ते स्वस्त पडेल. पैसे भरून मिळालेल्या चार दिवसांच्या प्रमाणपत्राला प्रवेशाच्या वेळी फारसे वजन नसते. एकाच कामात दोन-तीन वर्षे टिकून राहिलेल्या मुलाकडे अधिक लक्ष जाते. मार्च २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत नागरी संघटनांची सी-२० बैठक आपल्या नागपुरातच झाली होती आणि तिच्यासाठी शहर रंगवून सजवले गेले होते. तशा बैठकीत नेमके काय ठरते, हे मुलाला तिचे जाहीर झालेले दस्तऐवज घरी वाचायला लावूनही कळेल. तूर्त त्याला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उतरू द्यावे, आणि माहितीपत्रक आणणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीला प्रत्येक नोंदणीमागे काही मिळते का, हे शाळेत स्पष्ट विचारावे.