चौदा वर्षांच्या मुलाला 'ओपनहायमर' दाखवावा का?

दाखवा, पण अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा हा सिनेमा लावून देऊन तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ नका. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतराखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा. आपल्याकडे २०२३ मध्ये थिएटरसाठी यू/ए मिळालं, तेही नग्न दृश्य झाकून. त्यामुळे त्या यू/ए वर विसंबू नका. घरी कोणती प्रत लागतेय ते आधी स्वतः बघून घ्या.

खरं सांगू? त्या दृश्यांची मला फारशी धास्ती नाही. दोन मिनिटं सगळे पंख्याकडे बघतात, संपलं. जड जातो तो ओपनहायमरची प्रेयसी जीन टॅटलॉक हिच्या आत्महत्येचा भाग. आणि हिरोशिमानंतरचं ओपनहायमरचं भाषण: टाळ्यांच्या कडकडाटात समोरच्या मुलीच्या चेहऱ्याची कातडी सुटताना त्याला दिसते. माझी भाची तिथे उशी आवळून बसली होती. मग म्हणाली, "मामा, पण हिरोशिमा दाखवलंच नाही की!" त्यावर आम्ही जेवणं होईपर्यंत बोलत होतो.

मुलं कंटाळतात ती मात्र राजकारणाला. ओपनहायमरची १९५४ ची चौकशी आणि त्याचा विरोधक स्ट्रॉस याच्या मंत्रिपदासाठीची १९५९ ची सिनेटची सुनावणी एकमेकांत गुंतवलीय. कृष्णधवल भाग म्हणजे स्ट्रॉसची बाजू, आणि तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावर माणसाची नोकरी जायची, एवढं आधी सांगून ठेवा. सिनेमा तीन तासांचा आहे. पहिल्या अणुबॉम्बची 'ट्रिनिटी' चाचणी झाली की थांबवा, उरलेला दुसऱ्या दिवशी.

मुलगा फार हळवा असेल, तर वर्षभर थांबलात तरी काही बिघडत नाही.