भारतात ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर दुबईत आमच्या संत्रा बर्फीचा ब्रँड सुरक्षित राहील का?

नाही, भारतातली नोंदणी भारतापुरतीच. दुबईत ते नाव दुसऱ्या कुणी आधी नोंदवलं तर तुमचाच माल तिथे अडकू शकतो. मी नागपुरात ट्रेडमार्कचीच कामं करतो, आणि हा 'दुसरा कुणी' बरेचदा आपलाच तिथला डिस्ट्रिब्युटर निघतो बरं का! म्हणून पहिला कंटेनर निघायच्या आधी अर्ज टाका, आणि करारात स्पष्ट लिहून घ्या: नाव, लोगो, डब्याचं डिझाइन आमचं, डिस्ट्रिब्युटरने स्वतःच्या नावावर नोंदवायचं नाही. मोठ्यांनाही हा फटका बसतो. टोयोटाची 'प्रियस' ही गाडी १९९७ मध्ये जपानमध्ये आली, पण इथे ते नाव एका भारतीय कंपनीने २००२ मध्ये नोंदवून घेतलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात टोयोटा हरली, कारण त्या काळात इथल्या गिऱ्हाइकाला 'प्रियस' माहीत होती हे तिला दाखवता आलं नाही. अर्ज माद्रिद प्रोटोकॉलमधून, म्हणजे एकाच अर्जात अनेक देशांत ट्रेडमार्क मागता येणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातून, इथूनच करता येतो. भारत त्यात २०१३ पासून आहे, यूएई, म्हणजे दुबईचा देश, २०२१ च्या अखेरीस आला. मेख एकच: पहिली पाच वर्षं ती नोंदणी भारतातल्या नोंदणीवर टेकलेली असते, इथली रद्द झाली तर तिथलीही जाते. आणि नाव नुसतं 'नागपुरी संत्रा बर्फी' असेल तर विसरा, वस्तूचं वर्णन करणाऱ्या अशा नावावर एकट्याची मालकी सहसा मिळत नाही.