वाहन-शंका : विजेची एसयूव्ही आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न : वापरलेली ऑडी क्यू८ ई-ट्रॉन ५५ घेण्याचा विचार आहे. रेंज साडेपाचशेच्या वर सांगतात. एका चार्जमध्ये पुण्याला जाऊन परत येता येईल का? (जुळे सोलापूर)

जाल आरामात, पण त्याच चार्जवर परत येणं होणार नाही. बॅटरी ११४ युनिटची, त्यातली वापरायला मिळतात १०६. एसी चालू, चार माणसं आणि ताशी १०० चा वेग असेल तर किलोमीटरमागे पाव युनिट धरा. म्हणजे रेंज सव्वाचारशेच्या आसपास. पुणे २५० किलोमीटर, तेव्हा पोचेपर्यंत ६० टक्के चार्ज संपेल. वेग वाढवला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि हिशेब कोलमडतो. पुणे सोलापूरपेक्षा शंभरेक मीटर उंचावर आहे, पण त्या चढाला एक युनिटही लागत नाही. त्याची काळजी सोडा.

परतीसाठी ३५ टक्के, म्हणजे ३७ युनिट तरी भरून घ्या. घरी पोचल्यावर १५ टक्के शिल्लक राहतील. गाडी १७० किलोवॅटने चार्ज घेऊ शकते, पण समोरचं मशीन देईल तेवढंच मिळणार. ६० किलोवॅटच्या मशीनवर पाऊण तास धरा. मात्र अशा अनेक मशीनना दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते आणि तेच काम सव्वा तासावर जातं. ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, तेव्हा शंभरचा हट्ट नको.

४०८ हॉर्सपॉवर आणि शून्य ते शंभर ५.६ सेकंदांत, हे आकडे खरे आहेत. पण ब्रुसेल्सच्या कारखान्यातलं उत्पादन २०२५ मध्ये थांबलंय, तेव्हा व्यवहाराआधी बॅटरीच्या क्षमतेचा लेखी रिपोर्ट मागा. एअर सस्पेन्शन (गाडी तोलणाऱ्या हवेच्या पिशव्या) तपासायचं तर गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर हवा गळतेय. हा खर्च किरकोळ नसतो.

प्रश्न : घरच्या १५ अँपच्या सॉकेटवर चार्जिंग चालेल ना? उन्हाळ्यात चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून बंद पडतो असं ऐकलंय. (होटगी रोड)

चालेल, पण जेमतेम पावणेतीन-तीन किलोवॅट मिळेल. पुण्याहून आल्यावर ६० टक्के भरायला २२-२३ तास लागतील. थ्री फेजवर ११ किलोवॅटच्या चार्जरला हेच काम सहा तासांचं. त्यासाठी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. मीटरपासून चार्जरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की तुटणारा स्विच) आणि ३० मिलीअँपचा 'टाइप ए' आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. घरातला साधा 'एसी' टाइपचा नको. गाडीकडून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो, म्हणजे ट्रिप व्हायच्या वेळी होतच नाही. चार्जरमध्येच ६ मिलीअँपची डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल, तर मात्र 'टाइप बी' लागतो.

आता अर्थिंग. आपल्याकडे वीतभर माती, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्याचा रोध वाढतो आणि चार्जर चालू व्हायला नकार देतो. दोष चार्जरचा नसतो, तो आपलं काम चोख करत असतो. अर्थ टेस्टरवर आकडा ५ ओहमच्या आत हवा, आणि चार्जिंग चालू असताना न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज दोन-तीनच्या पुढे जायला नको. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणं चार दिवसांचा इलाज आहे. बोअर मारून खोल इलेक्ट्रोड (अर्थिंगचा धातूचा रॉड) बसवा. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'झालं काम' म्हणतात. हे अजिबात करू देऊ नका. पुढे कुठे न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यात करंट येतो.

प्रश्न : ४२-४३ अंशांत बॅटरी खराब होते का? (अक्कलकोट रोड)

गाडी चालवताना होत नाही, कारण बॅटरीला द्रवाचं कूलिंग असतं. नुकसान होतं ते शंभर टक्के भरून दिवसदिवस उन्हात उभी ठेवल्याने. रोजच्यासाठी ८० ची मर्यादा लावा आणि निघण्याआधी वायर जोडलेली असतानाच केबिन गार करून घ्या.

प्रश्न : महिनाभर उभी असलेली गाडी उघडतच नाही. बॅटरी तर ७० टक्के होती! (विजापूर रोड)

मोठी बॅटरी ठीकच असेल, संपलीय ती १२ व्होल्टची छोटी. दारं, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा रिले तिच्यावरच चालतात. मोबाइल ॲपवरून गाडी सारखी बघत राहिलं की दर वेळी ती जागी होते आणि ही बॅटरी खाते. रिमोट किल्लीत दडलेल्या यांत्रिक किल्लीने दार उघडा आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टर्मिनललाच १२ व्होल्टचा चार्जर लावा. नारिंगी केबलला हात लावू नका, तिच्यात शेकडो व्होल्ट असतात.