चेक वटवलात, पाकिटातलं पत्र वाचलंत का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक वाचक लिहितात: खाली किराणा दुकान, वर दोन बिऱ्हाडं अशी त्यांची तीन मजली इमारत आहे. जानेवारी २०२२पासून गच्ची मोबाइलच्या अँटेनांसाठी दहा वर्षांच्या कराराने भाड्याने दिली, महिना १,९०० डॉलर. गेल्या नोव्हेंबरअखेर एक पाकीट आलं. आत ५,७०० डॉलरचा चेक आणि दोन पानी पत्र. पत्राचा मतलब असा, की डिश या कंपनीच्या ज्या मोबाइल नेटवर्कसाठी गच्ची घेतली होती ते बंद होत आहे, सरकारी कारवाईपुढे आमचा इलाज नाही, सोबत तीन महिन्यांचं भाडं, करार इथे संपला. मुलाने फोनवरून चेक जमा केला, पत्र टेबलाच्या खणात गेलं. जानेवारीत टॅक्सचे कागद जमवताना ते सापडलं. आता ते विचारतात, ‘डिशवर केस ठोकता येईल का? उरलेल्या सहा वर्षांचं भाडं मिळेल का? आणि गच्चीवरचं सामान भंगारात घालू का?’

ऑक्टोबरपासून याच अर्थाची सहा पत्रं माझ्याकडे आली आहेत, आणि प्रत्येकात पहिला प्रश्न डिशचाच. तो आधी मिटवतो. तुमच्या करारावर डिशची सही नाही. तुम्ही गच्ची दिलीत एका मधल्या कंपनीला. ही कंपनी छतं भाड्याने घेते आणि पुढे मोबाइल कंपन्यांना देते. पत्र तिचं, चेकही तिचा. तुमच्या पत्रात डिशचं नाव पाच वेळा आलंय आणि या मधल्या कंपनीचं एकदाही नाही. चार वर्षं भाडं कुणाकडून घेत होतो हे घरमालकाला सांगता येऊ नये, याला काय म्हणायचं?

आता मुद्द्याचं बोलू. तुम्ही सहा वर्षांचा हिशेब मांडत बसला आहात, पण तुमच्या हातात एकच तारीख आहे: २ मार्च २०२६.

पत्राच्या दुसऱ्या पानावर, सहीच्या जरा वर, ठळक अक्षरांत एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की सोबतची रक्कम या करारातल्या सर्व देण्यांचा संपूर्ण आणि अंतिम हिशेब म्हणून देत आहोत. असा चेक वटवला की वादातला उरलेला दावा संपतो, असं युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी व्यवहारांच्या कायद्याचं ३-३११ हे कलम सांगतं, आणि न्यू जर्सीत ते लागू आहे. करार डिसेंबर २०३१पर्यंतचा. भाडेवाढ धरली नाही तरी हे तीन महिने वगळून सत्तर महिने उरतात, म्हणजे १,३३,००० डॉलर. बँकेचं ॲप उघडून, चेकचा पुढून-मागून फोटो काढून, ५,७०० डॉलरसाठी तुम्ही त्यावर पाणी सोडलंत, असं समोरचा वकील म्हणणार. आणि कागद बघितला तर त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

पण त्याच कलमात एक दार उघडं ठेवलेलं आहे. चेकचे पैसे चुकते झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तेवढी रक्कम परत देऊ केली, तर दावा जिवंत राहतो. इथे मोजणी पत्राच्या तारखेपासून नाही, तुम्ही चेक जमा केल्या दिवसापासूनही नाही, तर बँकेने पैसे दिल्यापासून. चेक २ डिसेंबरला वटला असं तुम्ही लिहिता, तेव्हा नव्वदावा दिवस २ मार्च. स्टेटमेंट काढून ती तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मुलाला विचारून नव्हे. दोन महिने पत्र खणात राहिलं नसतं, तर आज आपण बोटांवर दिवस मोजत बसलो नसतो.

गंमत अशी की तुमचा हाच आळस कदाचित थोडा कामी येईल. चेक ‘अंतिम हिशेब’ म्हणून दिलाय हे माहीत असताना तो वटवला, असं समोरच्याने सिद्ध केलं तर नव्वद दिवसांची सवलत उडते. तुम्ही म्हणता पत्र वाचलंच नव्हतं. ठीक. पण जमा कुणी केला? मुलाने. भाड्याचे चेक नेहमी तोच जमा करत असेल, तर त्याला काय ठाऊक होतं हेही विचारलं जाईल. म्हणून आज रात्री बँकेच्या ॲपमधून त्या चेकची प्रतिमा उतरवून घ्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातली मेमोची रेघ मोठी करून बघा. तिथे नुसतं ‘भाडं’ लिहिलं असेल तर तुमची बाजू बरी. तिथेही ‘अंतिम’ लिहिलं असेल, तर मुलाने फोटो काढताना काय वाचलं हे त्याला शपथेवर सांगावं लागू शकतं. ते खरंच सांगायचं. यात एखादी सोयीची गोष्ट रचू नका. अशा गोष्टी उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाहीत.

इतर पाच वाचकांपैकी दोघांनी चेकच्या पाठीवर ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे निषेध नोंदवून घेतोय, असं लिहून तो वटवला आहे आणि ते निर्धास्त आहेत. निर्धास्त राहू नका. न्यू जर्सीत त्या दोन शब्दांनी हा परिणाम टळत नाही. नव्वद दिवसांचं गणित त्यांनाही तेवढंच लागू.

मग पैसे परत करायचेच का? थांबा. इथे तो दुसरा प्रश्न येतो, ज्याचं उत्तर तुमच्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही. करार चौदा पानांचा. तुम्ही मला फोटो पाठवलेत पान १, पान ११ आणि पान १४चे. करार मुदतीआधी संपवण्याचं कलम उरलेल्या अकरा पानांत कुठेतरी आहे, आणि सगळं त्यावर आहे. छताच्या करारांत भाडेकरूला बाहेर पडायला एक दार बहुतेक वेळा ठेवलेलं असतं. काही करारांत ते सताड उघडं असतं: जागा तांत्रिकदृष्ट्या उपयोगाची नाही असं भाडेकरूला वाटलं, की तीस किंवा साठ दिवसांची नोटीस देऊन तो मोकळा. तुमच्या करारात असं वाक्य असेल, तर तीन महिन्यांचं भाडं हे तुमच्या हक्कापेक्षा जास्तच मिळालंय. ५,७०० ठेवून घ्या आणि गप्प बसा. परत करून भांडायला गेलात तर तेही जातील.

काही करारांत मात्र हे दार अरुंद असतं. सरकारी परवाना रद्द झाला, त्याची मुदत संपली किंवा सरकारने तो काढून घेतला, तरच करार संपवता येतो. तसं असेल तर २ मार्चच्या आत पैसे परत करा, कारण मग तुमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. परवाना काढून घेणं वेगळं आणि परवाना विकणं वेगळं.

हा फरक कळायला थोडं मागे जावं लागेल. चार्ली अर्गन यांनी १९८०मध्ये कोलोरॅडोत सॅटेलाइटच्या भल्यामोठ्या थाळ्या विकायला सुरुवात केली. १९९६मध्ये त्यातून डिश नेटवर्क ही टीव्ही सेवा उभी राहिली. नंतरच्या दशकात गिऱ्हाईक केबल आणि सॅटेलाइट सोडून इंटरनेटकडे वळू लागलं आणि अर्गन लिलावांतून, बुडालेल्या सॅटेलाइट कंपन्यांकडून मोबाइलच्या लहरींचे परवाने गोळा करत राहिले. २०१९मध्ये टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांचं विलीनीकरण मंजूर करताना न्याय खात्याला चौथी मोबाइल कंपनी हवी होती. डिश पुढे आली, २०२०मध्ये १.४ अब्ज डॉलरला बूस्ट मोबाइल घेतली आणि जून २०२३पर्यंत देशाच्या ७० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वतःचं फाइव्ह-जी नेटवर्क पोचवायचं कबूल केलं. चुकलं तर २.२ अब्ज डॉलरपर्यंत दंड. २०२१-२२मध्ये तुमच्या किराणा दुकानाच्या छताला एकदम भाव आला तो या तारखेमुळे. तुम्ही लिहिता, की त्यांच्या माणसाने दोन भेटींत सही घेतली. त्याला घाई होती, पण तुम्हाला कसली होती?

७० टक्क्यांचा टप्पा कंपनीने गाठला. गिऱ्हाईक मात्र त्या मानाने आलं नाही आणि कर्ज डोक्यावर राहिलं. मे २०२५मध्ये दूरसंचार नियामक एफसीसीने, या लहरी खरोखर वापरात आहेत का, याची चौकशी काढली. ऑगस्टमध्ये डिशची मूळ कंपनी एकोस्टारने लहरींचा एक हिस्सा एटी अँड टीला सुमारे २३ अब्ज डॉलरला, आणि सप्टेंबरमध्ये दुसरा स्पेसएक्सला सुमारे १७ अब्ज डॉलरला विकायचा करार केला. बूस्टचे ग्राहक एटी अँड टीच्या नेटवर्कवर जाणार, स्वतःचे टॉवर सोडणार. आणि टॉवरवाल्यांना सांगण्यात आलं, की सरकारने भाग पाडलं म्हणून विकलं, सबब आम्ही देण्यातून मोकळे. अमेरिकन टॉवर या कंपनीने ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोच्या फेडरल कोर्टात दावा लावला तो याच मुद्द्यावर.

तुमच्या मधल्या कंपनीने हेच वाक्य उचलून तुम्हाला पाठवलंय. तिच्याकडे तर परवाना कधीच नव्हता. तिचं गिऱ्हाईक गेलं, एवढंच झालं. गिऱ्हाईक जाणं याला धंद्यातली खोट म्हणतात. फोर्स मेजरचं, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीमुळे जबाबदारीतून सुटका देणारं, कलम कोर्टं साधारणपणे फार चिमटीत धरून वाचतात. जी आपत्ती त्यात लिहिली आहे तीच बघतात, आणि धंदा तोट्यात गेला याला आपत्ती मानायला सहसा तयार नसतात. अशा कलमाच्या शेवटी बरेचदा एक ओळ असते, की पैसे चुकते करण्याच्या जबाबदारीला हे कलम लागू नाही. तुमच्या पान ११च्या फोटोत कलम दिसतं, पण शेवटची ओळ तुमच्या अंगठ्याखाली गेली आहे. ती ओळ काय म्हणते हे कळल्याशिवाय मी काही ठासून सांगणार नाही. कोलोरॅडोतला निकाल लागला तरी तो मोठ्या कंपन्यांच्या त्यांच्या-त्यांच्या कराराचा असेल. तुमच्यासाठी तो दाखल्यापुरता.

पैसे परत करायचं ठरलं तर ते असे करा. तुमच्या बँकेतून ५,७०० डॉलरचा कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावावर दिलेला चेक, काढा. सोबत चार ओळींचं पत्र: तुमची रक्कम परत करत आहे, अंतिम हिशेब म्हणून ती मला मान्य नाही, करार चालू आहे असं मी धरतो. करारात नोटिशीचं कलम असतंच. त्यात दिलेल्या पत्त्यावर आणि त्यात सांगितलेल्या पद्धतीने पाठवा, मग ते सर्टिफाइड मेल असो की कुरियर. नोव्हेंबरच्या पत्रावर दुसरा पत्ता असेल तर तिथे प्रत. नुसत्या ई-मेलवर विसंबू नका. त्यांनी चेक घेतला नाही, परत पाठवला, तरी हरकत नाही. देऊ केला याचा पुरावा तुमच्याकडे राहिला म्हणजे झालं. आणि हे २ मार्चला नाही, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात करा. बर्फ पडलं म्हणून कुरियर अडकला हे कारण तुम्ही द्याल आणि मग मी काय करू?

त्यानंतरचा रस्ता लांब आहे. १,३३,००० डॉलरचा दावा सुपीरियर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनमध्ये जाईल. २०२३मध्ये न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या म्हणून या राज्यातल्या काही काउंट्यांत दिवाणी खटल्यांची सुनावणीच थांबवली होती, तुमच्या शेजारच्या सॉमरसेटसह. तेव्हा तारखा कशा पडतील हे माझ्या तोंडून वदवू नका. थकलेल्या महिन्यांपुरता छोटा दावा २०,००० डॉलरच्या मर्यादेतल्या स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये आधी लावू, असं तुमच्या मेहुण्यांनी सुचवलंय. एकाच भांडणाचे तुकडे करून दावे लावणं न्यू जर्सीत अंगाशी येऊ शकतं. मेहुण्यांना नमस्कार सांगा आणि ते करू नका.

शिवाय गच्ची रिकामी ठेवून दर महिन्याला भाडं मोजत बसता येणार नाही. दुसरा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न व्यापारी जागेच्या मालकालाही इथे करावा लागतो. चौकशी करा, ई-मेल जपून ठेवा, पण नव्या करारावर सही करण्याआधी जुना कागद दाखवा. आणि मधली कंपनीच दिवाळखोरीत गेली तर? मग भविष्यातल्या भाड्याच्या दाव्यावर फेडरल कायद्याची मर्यादा येते: साधारण एक वर्षाचं भाडं, किंवा उरलेल्या मुदतीच्या पंधरा टक्के, यातलं जे जास्त ते. तेही घेणेकऱ्यांच्या यादीत नाव लागून मिळेल तेव्हा, मिळेल तेवढं. ५,७०० परत करताना हा धोका डोळ्यांसमोर असू द्या.

भंगाराचं म्हणाल तर अँटेनांना हात लावू नका, वीज तोडू नका. सामान त्यांचं किंवा त्यांच्या गिऱ्हाइकाचं आहे, आणि ते किती दिवसांत काढायचं, छत कसं पूर्ववत करून द्यायचं, हे करारात असेल. आजच्या तारखेचे फोटो मात्र काढा. छताच्या पत्र्याला भोकं कुठे पाडली आहेत, केबल कुठून उतरली आहे, पाणी कुठे झिरपतंय, सगळं जवळून घ्या.

हे सगळं मी तीन पानांवरून लिहिलंय, त्याला वकीलपत्र समजू नका. वुडब्रिजला, न्यू ब्रन्सविकला, कुठेही भाडेकरारांची कामं करणारा वकील याच आठवड्यात गाठा आणि अख्खा करार त्याच्यापुढे ठेवा. मलाच पाठवायचा असेल तर चौदाच्या चौदा पानं पाठवा. आणि पान ११ पुन्हा काढा, अंगठा बाजूला घेऊन.