मूल्य, मूल्ये आणि मोल

विपणनशास्त्रावरील (मार्केटिंगवरील) लेखाचे भाषांतर करताना 'व्हॅल्यू' (ग्राहकाला वस्तूतून मिळणारा लाभ) आणि 'व्हॅल्यूज' (माणसाच्या जीवननिष्ठा) या दोन्हींसाठी 'मूल्य' हाच शब्द योजावा लागतो, त्याने अर्थाचा घोटाळा होतो का, असे एका वाचकांनी विचारले आहे. घोटाळा होतो, आणि या शास्त्राने माणसाच्या मूल्यांचा विचार जिथे केला आहे नेमका तिथेच होतो.

या दोन संकल्पना वेगवेगळ्या वाटांनी आल्या आहेत. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मानवी मूल्यांची जी मांडणी केली, तीत स्वातंत्र्य, समता, कुटुंबाची सुरक्षितता अशी १८ साध्यमूल्ये आणि प्रामाणिकपणासारखी १८ साधनमूल्ये आहेत. पुढे १९८२ मध्ये विपणनाचे अभ्यासक जोनाथन गटमन यांनी वस्तूच्या गुणधर्मापासून तिच्या उपयोगापर्यंत आणि उपयोगापासून ग्राहकाच्या मूल्यापर्यंत जाणारी साखळी दाखवली. रसायनविरहित गूळ घेणाऱ्या गृहिणीला मुलांचे आरोग्य हवे असते, आणि त्यामागे कुटुंबाची सुरक्षितता हे मूल्य उभे असते. उलट विपणनाच्याच अभ्यासक व्हॅलरी झाइथॅमल यांनी १९८८ साली ज्या 'व्हॅल्यू'चे विवेचन केले, ती म्हणजे आपण काय दिले आणि काय मिळाले याचा ग्राहकाने मनाशी घातलेला मेळ.

मराठीत हा भेद 'मूल्य' आणि 'मूल्ये' अशा वचनभेदाने दाखवता येईल असे वाटते, पण विभक्तीचा प्रत्यय लागताच तो 'मूल्याचा' आणि 'मूल्यांचा' यांमधल्या एका अनुस्वारावर येऊन ठेपतो. समासात तर तोही उरत नाही: 'मूल्याधारित विपणन' म्हणजे ग्राहकाला मिळणाऱ्या लाभावर आधारलेले की त्याच्या जीवननिष्ठांवर, हे त्या शब्दावरून कळणे अशक्य आहे.

मूळ शब्द बाजारातलाच आहे. पाणिनीच्या सूत्रात (४.४.९१) 'मूल्य' हा 'मूल' या शब्दापासून साधला आहे, आणि तिथे 'मूल' म्हणजे व्यवहारात घातलेले भांडवल. नैतिक अर्थ आधुनिक काळातला, तरी शाळेतल्या मूल्यशिक्षणामुळे तो आता इतका रुजला आहे की 'मूल्ये' म्हटल्यावर मराठी वाचकाला समता आणि प्रामाणिकपणाच आठवतात. हा अर्थ त्या शब्दाकडेच राहू द्यावा, असे मला मनापासून वाटते.

मग 'व्हॅल्यू'साठी काय वापरावे? 'किंमत' नको, कारण ती 'प्राइस'साठी लागते आणि दोन्हींतला फरक हाच तर झाइथॅमल यांचा विषय आहे. माझी सूचना 'मोल' ही आहे. तो 'मूल्य'चाच प्राकृतातून आलेला तद्भव आहे, आणि पैशात न मोजलेली महत्ताही तो सहज सांगतो. 'मोलमजुरी'मुळे तो शास्त्रीय लेखनात हलका वाटेल, ही शंका मला पटत नाही. 'मोलाचा सल्ला' म्हणताना कोणालाच तसे वाटत नाही.

'ग्राहकाच्या मूल्याचा विचार करावा' या वाक्याचे आज तीन अर्थ निघतात. त्याऐवजी प्रसंगानुसार 'ग्राहकाला मिळणारे मोल', 'ग्राहकाचे कंपनीच्या लेखी असलेले मोल' किंवा 'ग्राहकाची जीवनमूल्ये' असे लिहावे.