अभद्र काही नाही, विचारा

ताई,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. मुलाला सेमिस्टर सोडू द्यावं का, भारतात आजींना कळवावं का, आणि तिसरं तुम्ही जाता जाता लिहिलंय: "परवा म्हणाला, मी नसलो तर तुमचं सगळं सोपं होईल. मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये." मला या तिसऱ्याबद्दलच बोलायचंय.

रागावू नका, पण त्याने दार किलकिलं केलं आणि तुम्ही ते लावून घेतलंत. मीही लावलं होतं. माझा धाकटा भाऊ इकडे आल्यावर दोन महिने "थकलोय" म्हणायचा, आणि मी त्याला लवकर झोपायला सांगायचे. एका रात्री भांडी पुसताना धीर करून विचारलं, "तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?" तो एकच ताट पुसत राहिला. मग म्हणाला, "एकदाचं विचारलंस."

विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही आपली भीती संशोधनाने खोटी ठरवली आहे. उलट माणूस मोकळा होतो. फक्त "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं विचारू नका. तुम्हाला "नाही"च ऐकायचंय, हे त्याला कळतं. शब्द स्पष्ट उच्चारा. गाडीत विचारलंत तरी चालेल, तिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही.

"हो" म्हणाला तर वाद नको, आपण इथे येऊन काय काय सोसलं तेही नको. ऐकून घ्या. मग विचारा, कसं, कधी, हे ठरवलंयस का? ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि इजा होईल असं सगळं त्याच्यापासून दूर ठेवा आणि तिथल्या तिथे अशा संकटासाठी असलेल्या हेल्पलाइनला फोन करा. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. जिवाला धोका दिसला तर थेट आपत्कालीन सेवा. ठरवलं नसेल तरी याच आठवड्यात डॉक्टर गाठा. त्याच्या काळजीने तुम्ही स्वतः ९८८ला फोन केलात तरी ते बोलतात. भावाने पहिला फोन केला तेव्हा मी शेजारी नुसती बसून होते, तेवढं पुरलं.

सेमिस्टरचं त्यानंतर बघू, विद्यापीठाचे समुपदेशक त्यात मदत करतात. आजींना काय सांगायचं ते त्यालाच विचारून ठरवा.